स्वतःचीच नक्कल करायला शिकलेला कारखाना

१९६० संपता संपता अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू शहरात गिब्सन कंपनीनं आपल्या एका गिटारचं उत्पादन थांबवलं. 'लेस पॉल स्टँडर्ड' हे तिचं नाव. जड, जाड अंगाची, एकाच बाजूला खाच असलेली ही गिटार खपत नव्हती. तिच्या जागी कंपनीनं पातळ अंगाची, दोन शिंगांची नवी गिटार आणली आणि कारखाना पुढच्या कामाला लागला. बाजारात खळबळ वगैरे काही उडाली नाही. न खपणारा माल बंद करणं यात कुणाला वावगं वाटण्याचं कारणही नव्हतं.

त्या गिटारची छापील किंमत तेव्हा अडीचशे डॉलरच्या घरात होती. आज तिचा एखादा अस्सल, मूळ भाग शाबूत असलेला नग विकायला निघाला, तर अडीच लाख डॉलर आणि त्याहून कितीतरी अधिक मोजणारे लोक आहेत. आणि ज्या कंपनीनं ती बंद केली, तीच कंपनी गेली कित्येक दशकं तीच गिटार पुन्हा बनवायच्या खटपटीत आहे. या पुनर्निर्मितीला गिटारच्या धंद्यात 'रीइश्यू' म्हणतात. दरवर्षी नवा रीइश्यू निघतो, मागच्यापेक्षा हा मूळ गिटारच्या अधिक जवळचा आहे असं सांगितलं जातं आणि हौशी संग्राहक पुन्हा खिशात हात घालतात. हे एवढं कठीण का गेलं? आराखडे त्यांचेच, यंत्रं त्यांचीच, कारागीरही त्यांचेच होते. पण आपण नेमकं काय बनवलं होतं, हेच कंपनीला ठाऊक नव्हतं. ते तिला वादकांकडून, दुकानदारांकडून आणि नकला करणाऱ्यांकडून शिकावं लागलं.

झाडूचा दांडा

लेस पॉल हा माणूस मुळात वादक. विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावी १९१५ साली जन्मलेला, खरं नाव लेस्टर पोल्सफस. हातात सतत सोल्डरिंगचं यंत्र असणारा हा गडी १९४० च्या आसपास एका अडचणीशी झगडत होता. पोकळ अंगाच्या गिटारला पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग, लावून आवाज वाढवला, की लाऊडस्पीकरचा आवाज पोकळीत घुमतो आणि गिटार किंचाळू लागते. त्यानं न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवले. नुसता ओंडका लोकांना विचित्र दिसेल म्हणून एक गिटार मधोमध कापून तिच्या दोन फाका दोन्ही बाजूंना चिकटवल्या. हा 'लॉग' घेऊन तो गिब्सनकडे गेला. पिकअप लावलेला झाडूचा दांडा म्हणून तिथं आपली टर उडवली गेली, असं तो पुढं आयुष्यभर सांगत असे.

हसणाऱ्यांना गंभीर केलं ते कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं. लिओ फेंडरनं १९५० साली भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. सपाट फळी, तिला स्क्रूनं जोडलेला नेक म्हणजे गिटारची मान, कुठंही नाजूक सुतारकाम नाही. जुन्या घराण्यांनी नाकं मुरडली, पण माल खपू लागला. गिब्सनचे प्रमुख टेड मॅकार्टी यांनी ठरवलं, की उत्तर द्यायचं तर फेंडरला जमणार नाही अशा गोष्टीनं. गिब्सनचा पाया मँडोलिन आणि कमानदार गिटारी कोरण्यात होता. तेव्हा खाली महोगनी, वर कमानीसारखा कोरलेला मेपलचा थर आणि अंगात खाचून सरसानं बसवलेला नेक असा बेत ठरला. महोगनी आवाजाला जाडी देते, मेपल धार देतं, असा त्यामागचा हिशेब होता.

नावासाठी लेस पॉलशी करार झाला. पत्नी मेरी फोर्डबरोबर तो तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होता. एकाच टेपवर थरावर थर चढवून केलेली त्यांची ध्वनिमुद्रणं अमेरिकाभर वाजत होती. १९५२ साली सोनेरी रंगातली 'लेस पॉल मॉडेल' बाजारात आली. तिची रचना कुणाची, यावर मॅकार्टी आणि लेस पॉल या दोघांनी शेवटपर्यंत वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या. वादात न पडता एवढं म्हणता येईल, की सुतारकाम गिब्सनचं होतं आणि नाव लेस पॉलचं.

१९५३ मध्ये कारखान्यातून अशा २२४५ गिटारी बाहेर पडल्या. १९५७ पर्यंत हा आकडा ५९८ वर घसरला.

तीन वर्षं

घसरण थांबवायला कंपनीनं दोन बदल केले. पहिला बदल आवाजातला. जुन्या पिकअपमध्ये विजेच्या दिव्यांचा आणि ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट शिरे. गिब्सनमधले अभियंते सेथ लव्हर यांनी दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवून त्या उलट दिशांनी जोडल्या आणि त्यांच्या चुंबकांची टोकंही उलटी ठेवली. बाहेरचा गुणगुणाट दोन्हींत येतो, पण एकमेकाला छेद देऊन नाहीसा होतो. तारांचा आवाज मात्र बेरीज होऊन दुप्पट भरदार येतो. पेटंटचा अर्ज १९५५ साली केलेला होता, मंजुरी मिळाली ती १९५९ मध्ये. मधल्या काळात पिकअपच्या पोटाला 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी चिकटवत. त्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आज सारं जग या पिकअपना 'पीएएफ' म्हणतं.

दुसरा बदल दिसण्यातला. १९५८ मध्ये सोनेरी रंग काढून टाकला आणि मेपलवर पारदर्शक रंग चढवला. मध्यभागी पिवळा आणि कडांकडे गडद होत जाणारा चेरीसारखा लाल. हाच 'सनबर्स्ट'. सोनेरी रंगाखाली लाकूड कसंही असलं तरी चाले, आता ते उघडं पडलं. मेपलची फळी मधोमध चिरून दोन भाग आरशातल्या प्रतिबिंबासारखे जोडलेले असत. कधी त्यात ज्वाळांसारखे पट्टे उमटत, कधी लाकूड अगदी साधं निघे. वखारीत जे हाती लागेल ते कापायचं, असाच प्रकार.

पीएएफ पिकअपचंही तसंच. तार गुंडाळणारी यंत्रं फेऱ्या काटेकोरपणे मोजत नसत, त्यामुळे एका कॉइलवर तार जास्त तर दुसरीवर कमी. चुंबकही जे उपलब्ध असतील ते. १९५९ मध्ये काळ्या प्लास्टिकचा तुटवडा पडला तेव्हा पांढरट कॉइल वापरून वेळ मारून नेली. ती पत्र्याच्या झाकणाखाली जाणार होती, बघायला कोण जातं? आज त्या पांढरट कॉइलच्या जोडीसाठी काळ्यापेक्षा अधिक पैसे मोजले जातात. लाल रंगही कच्चा निघाला. दुकानाच्या काचेत चार महिने उन्हात राहिलेल्या गिटारीचा लाल उडून ती मधाच्या, चहाच्या किंवा लिंबाच्या रंगाची होई. १९६० मध्ये कंपनीनं पक्का रंग वापरून ही 'चूक' दुरुस्त केली. आज फिकटलेल्या गिटारींवरच संग्राहकांचा जीव आहे.

कारखान्याच्या नोंदींप्रमाणे १९५८ मध्ये ४३४, १९५९ मध्ये ६४३ आणि १९६० मध्ये ६३५ स्टँडर्ड गिटारी बाहेर पडल्या. १९५८ च्या आकड्यात काही सोनेरी गिटारीही आहेत. म्हणजे सनबर्स्ट साधारण दीड हजार. दरवर्षी नेकही थोडा बदलत गेला. १९५८ चा गलेलठ्ठ, १९५९ चा मधला, १९६० अखेरीचा सडपातळ. मग उत्पादन थांबलं. नव्या दोन शिंगांच्या गिटारवर काही काळ लेस पॉलचंच नाव होतं, पण ती त्याला पसंत नव्हती. १९६३ पर्यंत त्याचं नाव गिब्सनच्या गिटारींवरून उतरलं.

चेरिंग क्रॉस रोडवरचे तरुण

बंद पडलेल्या मालाला दुसरा जन्म मिळाला तो समुद्रापलीकडे. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स १९६४ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर सनबर्स्ट घेऊन दिसला. पण खरा स्फोट झाला १९६६ च्या जुलैमध्ये. जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सची तबकडी निघाली. तिच्यावर एकवीस वर्षांच्या एरिक क्लॅप्टननं लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवरच्या दुकानातून जुनी घेतलेली लेस पॉल वाजवली होती. तिला जोडला होता मार्शलचा अँप्लिफायर, आणि त्याचा आवाज पूर्ण चढवलेला. स्टुडिओतले तंत्रज्ञ आवाज कमी करायला सांगत होते, क्लॅप्टन ऐकेना.

त्या अडून बसण्यातून काय घडलं, ते ऐकल्यावरच कळतं. पीएएफचा जोरकस प्रवाह अँप्लिफायरच्या व्हॉल्व्हना त्यांच्या मर्यादेपलीकडे ढकलतो. स्वर फाटतो, पण सुटत नाही. महोगनीच्या वजनामुळे तार लवकर विझत नाही, आणि एकच स्वर गळ्यातून निघाल्यासारखा लांबत राहतो. सेथ लव्हर यांना हवा होता गुणगुणाट नसलेला स्वच्छ आवाज. क्लॅप्टननं त्याच पिकअपमधून जाणूनबुजून मळवलेला आवाज काढला आणि पुढच्या साऱ्या रॉक संगीतानं तोच उचलला. त्याची ती गिटार त्याच वर्षी चोरीला गेली.

मग रांग लागली. पीटर ग्रीन, अमेरिकेत माइक ब्लूमफील्ड आणि ड्वेन ऑलमन, टेक्ससचा बिली गिबन्स. १९६९ मध्ये जिमी पेजनं जो वॉल्शकडून एक घेतली आणि लेड झेपेलिनच्या मैफली तिच्यावर उभ्या राहिल्या. पीटर ग्रीनच्या गिटारमधल्या एका पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं. दोन्ही पिकअप एकदम चालू केले, की आवाज नाकातून आल्यासारखा, पोकळ, विलक्षण हळवा होई. गिब्सनच्या कुठल्याही आराखड्यात नसलेला हा दोष त्या गिटारची ओळख ठरला. ती पुढं गॅरी मूरकडे गेली आणि २०१४ मध्ये मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आली. 'ग्रीनी' या नावानं गिब्सननं तिचे रीइश्यू काढले तेव्हा तो दोषही जसाच्या तसा उतरवला.

मालक बदलले, माल बदलला

मागणी कानावर आल्यावर गिब्सननं १९६८ मध्ये लेस पॉल पुन्हा आणली. पण आणली ती सोनेरी आणि काळी. लोक ज्या सनबर्स्टसाठी वेडे झाले होते, ती नाही. कंपनीला वाटलं, लोकांना लेस पॉल हवी आहे. लोकांना हवी होती १९५९ ची लेस पॉल. हा फरक समजायला कंपनीला पुढची पंधरा वर्षं लागली.

त्यात मालकी बदलली. गिब्सनची मालक असलेली शिकागोची कंपनी १९६९ मध्ये इक्वाडोरमध्ये बिअरचा धंदा असलेल्या एका उद्योगसमूहानं घेतली आणि 'नॉर्लिन' या नव्या नावाखाली कारभार सुरू झाला. हिशेबनिसांच्या नजरेनं पाहिलं तर सुधारणा योग्यच होत्या. महोगनीचा एक जाड ठोकळा महाग पडतो, म्हणून दोन पातळ फळ्यांचं अंग. नेक मोडून परत येतात, म्हणून तीन तुकडे जोडून केलेला नेक आणि हेडस्टॉकमागे, म्हणजे खुंट्यांच्या टोकामागे, जाडसर उंचवटा. नेक अंगात खोलवर शिरवायचा लांब सांधाही आखूड झाला. हमीखाली परत येणाऱ्या गिटारी कमी झाल्या असतील, पण नव्या लेस पॉलचा खप जुन्या लेस पॉलची किंमतच वाढवत गेला.

आता दुकानदार पुढं झाले. मेंफिसमधल्या 'स्ट्रिंग्ज अँड थिंग्ज' या दुकानानं १९७५ पासून कारखान्याला खास ऑर्डरी दिल्या. पट्टेदार मेपल लावा, जुन्यासारखा आकार ठेवा. तीसच्या आतच गिटारी बनल्या, पण रीइश्यूची खरी सुरुवात ही. मग टेक्ससमधून जिमी वॉलेस या विक्रेत्याच्या ऑर्डरी सुरू झाल्या. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या रेड बँक गावातल्या 'गिटार ट्रेडर'नं १९५९ ची प्रतिकृतीच मागवली आणि सुरुवातीच्या काही गिटारींना जुने अस्सल पीएएफ पिकअप बसवून दिले. आपलीच जुनी गिटार कशी होती, हे कारखान्याला दुकानदार समजावून सांगत होते. १९८३ च्या सुमारास कुठं कंपनीनं स्वतःच्या नावानं रीइश्यू विकायला काढला. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, कॅलामाझूचा कारखाना बंद झाला आणि सारं काम टेनेसीतल्या नॅशव्हिलला गेलं. काही जुने कारागीर गाव सोडायला तयार नव्हते. त्यांनी त्याच इमारतीत 'हेरिटेज' नावाची स्वतःची कंपनी उभी केली.

जपानचा आरसा

अमेरिकी कंपनी झोपेत असताना जपानी कारखाने जागे होते. हामामात्सूच्या तोकाई कंपनीनं १९७८ मध्ये 'लेस पॉल रीबॉर्न' आणली. जुन्या गिटारी सुट्या करून, मोजून, त्यांनी नकला केल्या होत्या. ग्रेको आणि इतर कंपन्याही याच वाटेनं गेल्या. बघणारे म्हणू लागले, की ही नक्कल त्याच साली बनलेल्या अस्सल गिब्सनपेक्षा जुन्या लेस पॉलच्या अधिक जवळ आहे. त्याआधीच, १९७७ मध्ये, नॉर्लिननं आयबानेझ या जपानी नाममुद्रेच्या अमेरिकेतल्या कंपनीवर फिलाडेल्फियात दावा लावला. वादाचा मुद्दा होता हेडस्टॉकच्या टोकाचा, उघड्या पुस्तकासारखा दिसणारा आकार. प्रकरण पुढच्या वर्षी आपसात मिटलं, पण त्या काळातल्या सगळ्याच जपानी नकलांना आजही 'लॉसूट गिटार' म्हणतात. गिब्सन या नावाचा दबदबा आपल्याकडेही पोहोचला होता. महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांची पहिली गिटार कोलकात्याची 'गिव्हसन' असे.

जपाननं आणखी एक गोष्ट केली. यासुहिको इवानाडे या अभ्यासकानं १९९० च्या दशकात जुन्या सनबर्स्टवर छायाचित्रांनी भरलेला ग्रंथ काढला. एकेका गिटारचं लाकूड, रंगाचं फिकटणं, पिकअप, स्क्रूसुद्धा बारकाईनं टिपलेले. ज्या गिटारची नीट नोंद तिच्या निर्मात्यानं ठेवली नव्हती, तिचा अभ्यासग्रंथ टोकियोत छापला गेला. पुढं गिब्सनच्या रीइश्यू बनवणाऱ्यांनीही इवानाडे यांचा सल्ला घेतला.

सगळ्यात मोठा विनोद मात्र अमेरिकेतच घडला. १९८६ च्या जानेवारीत हेन्री युस्किविच आणि त्याच्या भागीदारांनी डबघाईला आलेली गिब्सन अवघ्या ५० लाख डॉलरना विकत घेतली. पुढच्या वर्षी गन्स अँड रोझेस या बँडची पहिली तबकडी गाजली आणि त्यांचा गिटारवादक स्लॅश याच्या हातातली सनबर्स्ट लेस पॉल तरुणांच्या डोळ्यांत भरली. दुकानांत लेस पॉलला पुन्हा गिऱ्हाईक आलं. पण ध्वनिमुद्रणात स्लॅशनं वाजवलेली ती गिटार गिब्सनची नव्हतीच! कॅलिफोर्नियातल्या क्रिस डेरिग या कारागिरानं हातानं बनवलेली ती प्रतिकृती होती. गिब्सनला तारणारी लेस पॉल दुसऱ्याच्या कार्यशाळेत जन्मली होती.

म्हातारपण बनवण्याची प्रयोगशाळा

१९९३ मध्ये गिब्सननं नॅशव्हिलला स्वतंत्र 'कस्टम शॉप' काढून ऐतिहासिक मालिका सुरू केली. १९५८ चा रीइश्यू तो आर-एट, १९५९ चा आर-नाइन, १९६० चा आर-झिरो अशी नावं गिटारवाल्यांच्या तोंडी रुळली. सुरुवातीच्या मालिकेत लांब सांधा परत आला आणि वरची कमान जुन्या गिटारींवरून मोजून घेतली गेली. तरी संग्राहक दरवर्षी नवी चूक काढत. मग सांध्याला पुन्हा जनावरांच्या कातडीपासून उकळलेला सरस आला, पूर्वीसारखा रंग आला. २०१५ च्या मालिकेसाठी जुन्या प्लास्टिकच्या घटकांचं रासायनिक पृथक्करण करून तसंच प्लास्टिक बनवलं गेलं. १९५९ मध्ये जे घाऊक भावात येईल ते उचलत होते, ते आता प्रयोगशाळेत घडवावं लागत होतं.

उरलं वय. नव्याकोऱ्या गिटारला पन्नास वर्षांची झीज कुठून आणायची? टॉम मर्फी या गिब्सनच्या माजी कारागिरानं ते तंत्र बसवलं. जुन्या लॅकरमध्ये चिनी मातीच्या जुन्या बरणीवर दिसतात तशा केसासारख्या भेगा असतात. त्या तो सुरुवातीला धारदार पात्यानं एकेक ओढत असे. १९९९ पासून त्याच्या हातच्या 'म्हाताऱ्या' केलेल्या लेस पॉल गिब्सनच्या नावानं विकल्या जाऊ लागल्या. २०२१ पासून 'मर्फी लॅब' ही कस्टम शॉपची वेगळी शाखाच बाजारात उतरली. तिच्यात ठिसूळ लॅकर वापरतात, म्हणजे भेगा आपोआप पडतात. किती म्हातारपण हवं, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. अगदी हलकं, हलकं, भरपूर आणि अतोनात. जितकी झीज जास्त तितकी किंमत जास्त. नव्या कोऱ्या गिटारला ओरखडे पाडून घ्यायला लोक हजारो डॉलर देतात, याचं हसू येतं खरं. पण ते देणाऱ्यांना गुळगुळीत झालेल्या कडांचा, हाताला सवयीचा वाटणारा नेक हवा असतो, आणि अस्सलची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर असते.

शिसवाचा खटला

या कथेत सह्याद्रीची एक फांदी आहे. १९५९ च्या लेस पॉलची बोटपट्टी ब्राझीलच्या रोझवुडची असे. ब्राझीलनं १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या ओंडक्यांची निर्यात रोखली आणि गिटारधंदा भारताकडे वळला, म्हणजे आपल्या शिसवाकडे. वाड्यांतल्या शिसवी पलंग-कपाटांचं, पश्चिम घाटात वाढणारं ते लाकूड जगभरच्या गिटारींवर चढलं. १९९२ मध्ये ब्राझीलचा रोझवुड आंतरराष्ट्रीय व्यापारातून जवळजवळ बादच झाला.

२४ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकी सरकारच्या वन्यजीव विभागाच्या सशस्त्र पथकांनी नॅशव्हिल आणि मेंफिसमधल्या गिब्सनच्या आवारांवर छापे घालून भारतीय शिसव आणि आबनुसाच्या बोटपट्ट्या जप्त केल्या. परदेशी लाकूड त्या देशाचा कायदा मोडून आणलेलं असेल तर अमेरिकेतही ते गुन्ह्यात धरायचं, असा तिथला कायदा. भारताच्या नियमांप्रमाणे पुरेसं तयार न झालेलं जाड लाकूड बाहेर पाठवता येत नाही. या पट्ट्या तयार मालात मोडतात की कच्च्या, यावर वाद रंगला. त्याआधी २००९ मध्ये मादागास्करच्या आबनुसावरून असाच छापा पडला होता. २०१२ मध्ये गिब्सननं तीन लाख डॉलर दंड भरला, पर्यावरण संस्थेला पन्नास हजारांची देणगी दिली आणि प्रकरण मिटवलं. भारतीय लाकूड परत मिळालं. युस्किविचनं त्याच लाकडाची 'गव्हर्नमेंट सीरीज' काढून तेही विकलं. मधल्या काळात काही मॉडेलना कागद आणि रेझिन दाबून बनवलेल्या कृत्रिम फळीची बोटपट्टी लावावी लागली. सागाशिसवाच्या देशात हे ऐकायला विचित्र वाटेल, पण 'अगदी १९५९ सारखी' गिटार बनवण्याची किंमत जंगलालाही मोजावी लागते, हे त्या छाप्यांनी दाखवून दिलं.

निकाल

युस्किविचला गिटारी पुरेशा वाटल्या नाहीत. २०१४ मध्ये कर्ज काढून फिलिप्सचा घरगुती ध्वनिउपकरणांचा विभाग घेतला आणि त्या कर्जानंच कंपनीचं बूड खचलं. १ मे २०१८ रोजी गिब्सननं दिवाळखोरीचा अर्ज केला. गिटारचा धंदा तेव्हाही फायद्यातच होता. नोव्हेंबरमध्ये नव्या मालकांच्या हाताखाली कंपनी बाहेर आली आणि त्यांनी पहिलं कुठलं काम केलं असेल, तर जुन्या लेस पॉलकडे परत जाण्याचं. लेस पॉल हे पाहायला नव्हता. वयाच्या नव्वदीतही दर सोमवारी न्यूयॉर्कच्या एका क्लबात वाजवणारा हा माणूस २००९ मध्ये ९४ व्या वर्षी गेला.

रीइश्यू अस्सलच्या तोडीचा असतो का, हा वाद गिटारवाले कधीच संपू देणार नाहीत. सरस, लॅकर, चुंबक, वजन यांवर रात्री जागवल्या जातील. त्यात तथ्य नाही असं नाही, पण मुद्दा तो नाही. १९५९ च्या गिटारी १९६१ मध्येही तितक्याच चांगल्या होत्या आणि दुकानात पडून होत्या. त्यांची किंमत कारखान्यानं ठरवली नाही. ती वाजवणाऱ्यांनी ठरवली.

याचा पुरावा ३१ जानेवारी २०२४ रोजी लंडनच्या ख्रिस्टीजनं मांडला. त्या दिवशी डायर स्ट्रेट्सच्या मार्क नॉफ्लरच्या गिटारींचा लिलाव झाला. त्याची १९५९ ची अस्सल सनबर्स्ट लेस पॉल ६,९३,००० पौंडांना गेली. आणि तिचीच एक नक्कल, १९८३ साली बनलेला रीइश्यू, ज्यावर त्यानं 'ब्रदर्स इन आर्म्स' या तबकडीतलं काही वादन केलं आणि १९८५ च्या लाइव्ह एडमध्ये जो खांद्याला होता, तो गेला ५,९२,२०० पौंडांना. त्या नकलेत ना पीएएफ, ना ब्राझीलचा रोझवुड, ना कॅलामाझूचा फिकटलेला लाल. तेव्हा रीइश्यू घ्यायची ऐपत आणि हौस असेल त्यांनी जरूर घ्यावा. फक्त तो पेटीत जपून ठेवू नये, वाजवावा. किंमत वाजवण्यातून येते.